कालचा ज्युनिअर, आजचा साहेब

"हाऊ वकील ते बदली गया!" जेवणं आटोपून टीव्हीसमोर बसलेल्या खान्देशातल्या घरात हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. मालिका सुरू झाली तेव्हा तो वकील ताठ होता, कुणाच्या बापाचं ऐकत नव्हता. आता तो बायकोपुढे गुळमुळीत बोलतो, आईला घाबरतो आणि कोर्टात ज्या वकिलीणबाईंशी हाडवैर होतं त्यांच्याशीच संगनमत करतो. जी बाई पहिल्या वर्षी दुसऱ्याचं वाटोळं करायला निघाली होती, तिच्या डोळ्याला आता धार लागलेली. मग घरातलं कुणीतरी निकाल देतं की लेखकाचं डोकं आटलं, टीआरपीसाठी काहीही दाखवतात.

हा निकाल अर्धाच खरा आहे. टीआरपीचा हात असतोच, त्यावर पुढे बोलू. पण वकिली मालिका लांबली की त्यातली नाती पालटणारच, कारण तिची बांधणीच तशी असते. सासू-सुनेच्या मालिकेपेक्षा ती जरा वेगळी चालते. ती कशी चालते ते इथे सांगायचंय. पुढे काही गाजलेल्या मालिकांची गुपितं फुटणार आहेत. ज्यांना ती बघायची असतील त्यांनी आपापल्या जबाबदारीवर वाचावं.

वकिली मालिकेत दोन गोष्टी एकाच वेळी सुरू असतात. एक असते खटल्याची. अशील येतो, पुरावा सापडतो, उलटतपास होतो, निकाल लागतो आणि अशील घरी जातो. दुसरी असते वकिलांची, आणि ते मात्र घरी जात नाहीत. पुढच्या भागात तेच चेहरे त्याच ऑफिसात बसलेले असतात. सुरुवातीच्या मालिकांनी या दुसऱ्या गोष्टीला हातच लावला नाही. अमेरिकेत १९५७ ते १९६६ या काळात 'पेरी मेसन' चालली. २७१ भाग झाले, पण मेसन, त्याची सेक्रेटरी डेला स्ट्रीट आणि खासगी गुप्तहेर पॉल ड्रेक यांचं एकमेकांशी असलेलं नातं पहिल्या भागात होतं तसंच शेवटपर्यंत राहिलं. समोरचा सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर जवळजवळ दर वेळी हरायचा आणि पुढच्या वेळी तेवढ्याच उमेदीने उभा राहायचा. आपल्याकडे २०१० मध्ये सुरू झालेल्या 'अदालत'चा के. डी. पाठक याच घराण्यातला. अशी मालिका कुठूनही बघायला घ्या, काही चुकत नाही. काही अंगाला लागतही नाही, असं माझं मत.

१९८६ ला 'एल. ए. लॉ' आली आणि वकिलांची आपापसातली भांडणं, प्रेमं, भागीदारीचे हेवेदावे हाच मुख्य माल झाला. खटला आता त्या भांडणांना तोंड फोडण्यापुरता. तेव्हापासूनच्या बहुतेक गाजलेल्या मालिका याच वाटेने गेल्या. खटला सुटतो, नात्याची गाठ राहते, आणि पुढच्या हंगामात त्या गाठीवर आणखी एक बसते.

आता ही गाठ कशाची बनलेली असते? माझ्या मते ती खुर्चीची असते. कोण कुणाला 'नाही' म्हणू शकतो, एवढाच प्रश्न. स्वभाव नंतर येतो.

जळगावच्या, अमळनेरच्या किंवा भुसावळच्या कोर्टात ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. नवी सनद घेतलेला पोरगा एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे ज्युनिअर म्हणून लागतो. पहिली काही वर्षं त्याचं काम म्हणजे बोर्ड बघणं, तारखा घेणं, अर्ज टाइप करून आणणं आणि पुकारा झाला की उभं राहून, "साहेब दुसऱ्या कोर्टात आर्ग्युमेंटला आहेत, थोडा वेळ द्यावा," एवढं सांगणं. न्यायाधीशांची बोलणी साहेबांच्या वाटची तोच खातो. मग हळूहळू त्याचे स्वतःचे पक्षकार होतात. आधी भावकीतले, मग गावातले. आणि एक दिवस असा येतो की शेताच्या वाटणीच्या दाव्यात वादीकडून साहेब उभे आणि प्रतिवादीकडून हा. कोर्टात दोघं एकमेकांना 'माझे विद्वान मित्र' म्हणतात, कडक बोलतात, आणि अर्ध्या तासाने बाहेर टपरीवर एकाच कटिंगच्या ऑर्डरीत दिसतात. साहेब पैसे देतात, कारण ती सवय अजून बदललेली नसते. खेड्यावरून आलेला पक्षकार लांबून हे बघतो आणि हबकतो. आपला वकील तिकडच्याला फुटला, अशी त्याची खात्री पटते. प्रत्यक्षात कुणी फुटलेलं नसतं. फक्त त्याने जन्मात एकदाच बघितलेल्या दोन माणसांमधलं नातं वीस वर्षं जुनं असतं आणि या वीस वर्षांत ते तीनदा पालटलेलं असतं.

मालिकेचा प्रेक्षक या पक्षकाराच्या जागी बसलेला असतो. फरक एवढाच की त्याला टपरीवरचं बोलणंही ऐकू येतं.

खुर्चीचा हा खेळ सगळ्यात स्वच्छ दिसतो तो 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये. सप्टेंबर १९९० मध्ये सुरू झालेली ही मालिका २०१० पर्यंत सलग वीस हंगाम चालली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिची रचना ठरलेली असते. पहिल्या अर्ध्या भागात पोलिस तपास करतात, दुसऱ्या अर्ध्यात सरकारी वकील खटला चालवतात. पात्रांच्या घरी आपण क्वचितच जातो. तरीही तिच्यात नाती पालटतात, आणि ती निव्वळ हुद्द्यामुळे पालटतात.

जॅक मॅकॉय हे पात्र घ्या. सॅम वॉटरस्टन या नटाने ते १९९४ मध्ये सुरू केलं. तेव्हा मॅकॉय हा जिल्हा सरकारी वकिलाच्या हाताखालचा माणूस होता. खटला जिंकण्यासाठी कायद्याची वेस ओलांडायला तो मागेपुढे बघत नसे. वर बसलेला ॲडम शिफ हा म्हातारा, थकलेला, व्यवहारी गृहस्थ. तडजोड कर, आरोप कमी कर, हे प्रकरण मिटव, असं तो सांगायचा आणि मॅकॉय फणकारायचा. आपल्याला अर्थातच मॅकॉय आवडायचा. शिफ गेला, दुसरे आले. २००७ च्या सुमारास वरच्या खुर्चीवर आर्थर ब्रँच होता. ती भूमिका करणारे फ्रेड थॉम्प्सन हे खऱ्या आयुष्यात माजी सिनेटर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवायला त्यांनी मालिका सोडली. खुर्ची रिकामी झाली आणि लेखकांनी मॅकॉयला तिथे बसवला.

मग काय व्हावं? त्याच्या जुन्या जागेवर मायकेल कटर नावाचा तरणा वकील आला, आणि तो अगदी जुन्या मॅकॉयसारखाच निघाला. बेधडक, नियम वाकवणारा. आणि मॅकॉय? तो आता कपाळाला आठ्या घालून त्याला सांगू लागला, हे करू नकोस, निवडणूक आहे, हे कोर्टात टिकणार नाही. तोच नट, तेच पात्र, पण तोंडी शिफची भाषा. ज्यांनी ही मालिका सलग बघितली त्यांना हा बदल पटतो, कारण त्यांच्या लेखी मॅकॉयचा स्वभाव जागचा हललेला नसतो. तो फक्त टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला. त्या बाजूने खोली वेगळीच दिसते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, नाहीतर या मालिकेतली अर्धी भांडणं आपल्या डोक्यावरून जातात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील लोकांच्या मतावर निवडून येतो. आपल्याकडे जिल्हा सरकारी वकील सरकार नेमतं. त्यामुळे तिथला वरिष्ठ जेव्हा हाताखालच्या माणसाला 'हा खटला नको' म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मतपेटी असते. आपल्याकडे तेच वाक्य कुणी म्हणालं तर त्याच्या डोळ्यांसमोर मंत्रालय असतं. दुसरं म्हणजे ज्युरी. आपल्याकडे १९५९ च्या नानावटी प्रकरणानंतर ज्युरीची पद्धत मोडीत निघत गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला जागाच ठेवली नाही. अमेरिकी मालिकेत वकील बारा सामान्य माणसांची मनं वळवायला उभा असतो. म्हणून तिथे वकिलाचं दिसणं, बोलणं, त्याच्या घरची बदनामी, सगळं खटल्यात शिरतं. आपल्या न्यायाधीशाला त्याच्याशी देणंघेणं नसतं, निदान नसायला हवं.

'लॉ अँड ऑर्डर'मधली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. पहिल्या तीन हंगामांत पॉल रॉबिनेट नावाचा तरुण कृष्णवर्णीय सहायक सरकारी वकील होता. मुख्य पात्रांत तेव्हा एकही बाई नव्हती. वाहिनीने निर्माते डिक वुल्फ यांना सांगितलं की बायका आणा. तेव्हा १९९३ मध्ये रॉबिनेटचं काम करणारा रिचर्ड ब्रुक्स आणि आणखी एक नट यांना काढून दोन अभिनेत्री घेतल्या गेल्या. पडद्यामागचा हा व्यवहार कोरडाच म्हणायचा. पण पुढे १९९६ मध्ये तोच रॉबिनेट पाहुणा म्हणून परत आला, आणि आला तो आरोपीचा वकील होऊन. सरकारच्या बाजूने बसून जे त्याला बोलता आलं नसतं, ते तो आता समोरून बोलत होता. सरकार पालटलं की सरकारी वकिलांची यादी पालटते, आणि काल ज्याने जामिनाला कडाडून विरोध केला तो आज जामीन मागायला उभा असतो, हे आपल्या कोर्टात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मालिकेने तेच दाखवलं.

केळीच्या बागेत घड कापला की खोडही जातं, आणि शेजारचं पील वर येऊन पिलबाग उभी राहते. शेत तेच, पाणी तेच, खोड दुसरं. 'लॉ अँड ऑर्डर' वीस वर्षं टिकली ती अशी. माणूस गेला तरी खुर्ची शाबूत राहायची आणि नाती खुर्चीतून पुन्हा उगवायची.

सगळ्याच मालिकांना हे जमत नाही. काही मालिका एका माणसाभोवती बांधलेल्या असतात, तिथे माणूस हलला की छप्पर हलतं. २००९ ते २०१६ या काळातली 'द गुड वाइफ' त्यातली. १५६ भाग. काजोलची 'द ट्रायल' हा तिचाच भारतीय अवतार, पण मूळ मालिकेत नात्यांची जी उलथापालथ आहे ती बघण्यासारखी आहे. ॲलिशिया फ्लॉरिक ही दोन मुलांची आई. नवरा बडा सरकारी वकील, भानगडीत अडकून तुरुंगात. तेरा वर्षं घरी बसलेली ही बाई पुन्हा वकिली सुरू करते, आणि तेही सगळ्यात खालच्या पायरीवरून. तिच्या बरोबरीला केरी ॲगोस नावाचा कोवळा पोरगा. जागा एकच, स्पर्धेत दोघं. पुढे जागा तिला मिळते, तो बाहेर पडतो आणि सरकारी वकिलांच्या ऑफिसात जाऊन तिच्याच विरुद्ध उभा राहू लागतो. काही वर्षांनी तो परत येतो. आणि पाचव्या हंगामात दोघं मिळून जुनी फर्म सोडून स्वतःची काढतात. स्पर्धक, विरोधक, सहकारी, भागीदार, सगळं एकाच माणसाशी, आणि यातलं काहीही ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही. कारण दर वेळी आधी जागा बदलली आहे आणि मग बोलण्याचा सूर.

त्या फर्मचा एक मालक विल गार्डनर. ॲलिशियाचा कॉलेजपासूनचा मित्र, मधल्या काळात प्रियकर. तिला नोकरी त्यानेच दिलेली. ती गुपचूप अशील फोडून वेगळी निघतेय, हे त्याला कळतं तो प्रसंग बघा. तो तिच्या खोलीत येतो आणि टेबलावरचं सगळं सामान एका हाताच्या फटक्यात खाली लोटतो. त्या एका कृतीत प्रेमभंग किती आणि धंद्यातली दगाबाजी किती, हे वेगळं काढता येत नाही. पुढचे कितीतरी भाग हे दोघं एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहतात. एकमेकांच्या सवयी पाठ असल्यामुळे कोण कुठे फसेल हेही त्यांना ठाऊक असतं. वकिली मालिका प्रेमकथेपेक्षा वरचढ ठरते ती अशा जागी. भांडणारे प्रेमिक इतर मालिकांत दारं आपटतात, इथे ते उलटतपास घेतात.

आणि मार्च २०१४ मध्ये विलला भर कोर्टात त्याच्याच अशिलाने गोळी घातली. प्रेक्षक हादरले. कारण साधं होतं. जॉश चार्ल्स या नटाचा करार संपत आला होता आणि त्याला पुढे काम करायचं नव्हतं. नायिका ज्युलियाना मार्ग्युलिस हिने गळ घातली म्हणून तो आणखी काही भाग थांबला, आणि तेवढ्या अवधीत लेखकांनी हा शेवट बांधला. दुसऱ्या गावी बदली होऊन गेला असं दाखवणं सोपं होतं. पण मग तो परत का येत नाही, फोन का करत नाही, हा प्रश्न पुढे लोंबकळत राहिला असता. मेलेल्या माणसाविषयी तो उद्भवत नाही.

म्हणजे निम्मे बदल गोष्टीबाहेरून येतात. नटाचा करार, वाहिनीचं बजेट, कुणाचं लग्न, कुणाची निवडणूक. प्रेक्षक 'लेखकाने वाटोळं केलं' म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा लेखक बिचारा आलेल्या संकटावर ठिगळ लावत असतो. 'द प्रॅक्टिस' या मालिकेचं उदाहरण तर क्रूर आहे. २००३ मध्ये वाहिनीने तिचं बजेट जवळजवळ निम्म्यावर आणलं. निर्माते डेव्हिड केली हे स्वतः माजी वकील. त्यांनी नायकासह सहा नटांना काढलं आणि जेम्स स्पेडरला ॲलन शोर म्हणून आणलं, निर्लज्ज, वाचाळ आणि कमालीचा हुशार. बाकीच्या पात्रांना हा माणूस खुपत राहिला आणि तेच त्या हंगामाचं इंधन झालं. मालिका संपली, पण ॲलन शोर नव्या 'बॉस्टन लीगल'मध्ये गेला. तिथे डेनी क्रेन या म्हाताऱ्या, स्मरणशक्ती हरवत चाललेल्या मालकाशी त्याची मैत्री मुरली. दिवसाचं काम आटोपलं की हे दोघं बाल्कनीत सिगार ओढत बसतात आणि बोलतात. खटले मी बहुतेक विसरलो, ती बाल्कनी लक्षात आहे. दोन पुरुषांची मैत्री इतक्या निवांतपणे टीव्हीवर फार कमी वेळा आली आहे, आणि तिचं मूळ बजेटकपातीत आहे.

'सूट्स'बद्दल थोडक्यात. तिच्यात नात्यांचा हिशेब दारावरच्या पाटीवर लिहिलेला असतो. फर्मचं नाव सुरुवातीला पिअरसन हार्डमन, काही फेरबदलांनंतर पिअरसन स्पेक्टर, मग पिअरसन स्पेक्टर लिट, आणि शेवटी लिटचं नाव सगळ्यात पुढे. पहिल्या हंगामात ज्या लुईस लिटला सगळे हसायचे, तो नवव्या हंगामाअखेर मालक. एवढी एक पाटी पाहिली तरी नऊ हंगामांचा सारांश कळतो. मूळ गंमत होती ती माइक रॉसच्या गुपितात. पदवी नसताना तो वकिली करतो, आणि हे कुणाला माहीत आहे यावर प्रत्येक नातं तोललेलं. ते गुपित एकेकाला कळत गेलं, माइक तुरुंगात जाऊन आला, मग रीतसर सनदही मिळाली, आणि मालिकेची हवा गेली. माझ्या मते पाचव्या हंगामानंतर तिने उरलेली वर्षं साठवणीवर काढली. नंतर माइक आणि त्याची प्रेयसी रेचल लग्न करून सिॲटलला गेले. रेचलचं काम करणारी मेगन मार्कल त्याच सुमारास ब्रिटनच्या राजघराण्यात लग्न करून गेली होती, हे सगळ्यांना माहीत आहे. मालिका २०१९ मध्ये संपली आणि २०२३ मध्ये ओटीटीवर एकट्या अमेरिकेत ५,७७० कोटी मिनिटं बघितली गेली. म्हणजे हवा गेली हे माझं मत फारसं कुणाला मान्य दिसत नाही.

आता आपल्या मालिकांकडे येऊ. एक गणित मांडून बघा. अमेरिकेत वाहिनीवरच्या मालिकेचे वर्षाला साधारण बावीस भाग होतात. आपल्या दैनंदिन मालिकेचे आठवड्याला सहा धरले तर 'द गुड वाइफ'चे सात वर्षांचे १५६ भाग आपल्याकडे सव्वीस आठवड्यांत, म्हणजे सहा महिन्यांत संपतात. ज्या नात्याला तिथे पालटायला तीन वर्षं मिळतात त्याला इथे तीन महिनेही मिळत नाहीत. आणि दर आठवड्याला आकडे येतात. एखादं पात्र लोकांना आवडतंय असं आकड्यांत दिसलं की त्याचे प्रसंग वाढतात, आवडत नसलं की ते मावशीकडे पुण्याला जातं आणि परत येत नाही.

'ठरलं तर मग' ही स्टार प्रवाहवर डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली मालिका बघा. नायक अर्जुन सुभेदार वकील. सायलीशी त्याचं लग्न होतं ते करार करून, आणि त्या करारामागे तिच्या आश्रमातल्या मधुभाऊंवरचा खुनाचा खटला. म्हणजे नायिका एकाच वेळी अशिलाची माणूस आणि वकिलाची बायको. कराराचं लग्न खरं कधी होणार, हा प्रश्न आणि खुनाचा निकाल काय लागणार, हा प्रश्न, दोन्ही एकाच दोरीने बांधलेले. एक सुटला तर दुसरा ढिला पडतो, म्हणून दोन्ही ताणले जातात. प्रेक्षकांना वाटतं केस रेंगाळवतायत. खरं तर रेंगाळवत असतात ते लग्न, आणि केस त्यापायी अडकून पडते. अर्थात खऱ्या सत्र खटल्याला जेवढी वर्षं लागतात त्या मानाने मालिका वेगवानच म्हणायची. निकालानंतर अपील असतं आणि खान्देशातलं अपील औरंगाबाद खंडपीठात जातं, एवढं जरी लेखकांनी मनावर घेतलं तरी आणखी दोन वर्षांची बेगमी होईल.

इंग्रजी मालिकेत नात्याचा आखाडा ऑफिस असतो, आपल्याकडे घर. हा फरक नुसत्या आवडीनिवडीचा नाही. तिथल्या मोठ्या फर्ममध्ये शेकडो वकील, आणि वर चढायच्या ठरलेल्या पायऱ्या. भागीदार व्हायचं तर स्वतःचं भांडवल घालावं लागतं. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली म्हणजे एक ज्येष्ठ, दोन-चार ज्युनिअर, एक मुनशी आणि फायलींनी भरलेलं एक कपाट. बऱ्याच ठिकाणी ऑफिस घराच्याच पुढच्या खोलीत. पक्षकार आला की चहा आतून येतो. तेव्हा वकिलाचं घर आणि वकिलाचं ऑफिस यांची सरमिसळ मराठी मालिकेने केली तर ती अगदीच खोटी म्हणता येत नाही. खटकतं ते एवढंच की ज्युनिअर मात्र मालिकेतून गायब असतो, किंवा असला तर विनोदापुरता.

हिंदीत 'क्रिमिनल जस्टिस'ने ही कसर थोडी भरून काढली. २०१९ मधल्या पहिल्या हंगामात पंकज त्रिपाठींचा माधव मिश्रा हा पोलिस ठाण्यांच्या दारात अशील शोधणारा किरकोळ वकील आहे. एका बड्या वकिलीणबाईंकडे ज्युनिअर असलेली निखत त्याला फारशी किंमत देत नाही. दुसऱ्या हंगामात तीच निखत त्याच्या जोडीला उभी आहे, आणि माधवचं नुकतंच लग्न झालंय. चार हंगामांत माधवचा कोट जरा बरा झाला, बायको रत्नाशी असलेलं नातं भांडत भांडत मुरलं, पण मोठ्या वकिलांसमोर त्याची ती किंचित वाकून बोलायची लकब गेलेली नाही. हुद्दा वाढला तरी अंगातला ज्युनिअर लवकर जात नाही, हे त्या नटाने बरोबर पकडलंय.

खान्देशावर अशी मालिका का होऊ नये, असं मला राहून राहून वाटतं. सामग्रीला तोटा नाही. जळगावच्या कोर्टात सरकारी वकिली केलेले उज्ज्वल निकम १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यापर्यंत आणि पुढे २६/११ च्या खटल्यापर्यंत गेले, २०२४ मध्ये लोकसभेला उभे राहून हरले आणि २०२५ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. प्रतिभाताई पाटील जळगावलाच वकिली करत होत्या, १९६२ मध्ये आमदार झाल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती. एवढ्या खुर्च्या बदलणारी पात्रं लेखकाला सुचलीही नसती. पण मला त्या उंचीची मालिका नकोच. तालुक्याच्या कोर्टातली हवी. केळीच्या व्यापाऱ्याने बुडवलेल्या पैशांचा दावा, बांधावरून झालेली मारामारी, पोटगीचा अर्ज. एक जुने आप्पासाहेब, त्यांच्याकडे शिकलेली आणि आता त्यांच्याच समोर उभी राहणारी एक पोरगी, आणि दोघांच्याही फायली ओळखणारा एक मुनशी. साक्षीदार अहिराणीत बोलतोय, पोरीला ती घरचीच म्हणून साक्षीतली खोच कळतेय आणि आप्पासाहेबांना कळूनही ते न कळल्यासारखं दाखवतायत, असा एक उलटतपास कुणी लिहिला तर मी तो दोनदा बघेन. फक्त न्यायाधीशांच्या हातात लाकडी हातोडा देऊन त्यांना 'ऑर्डर, ऑर्डर' ओरडायला लावू नका. आपल्या कोर्टात हातोडा नसतो, आणि शिपायाने दारात येऊन दिलेला पुकारा त्यापेक्षा कितीतरी जोरात घुमतो.